कॅलेंडरचा खिळा

आमच्या जुळे सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि पाण्याबरोबर बातम्या येतात. नळाला पाइप लावला, मोटर सुरू केली, की टाकी भरेपर्यंतचा पाऊण तास वॉल कंपाउंडचा. पलीकडं अक्का, अलीकडं मी, मध्ये साडेचार फुटांची भिंत आणि तिच्यावर टेकलेली कढीपत्त्याची फांदी. कुणाचं ठरलं, कुणाचं फिसकटलं, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, सगळं त्या फांदीखालून ये-जा करतं.

परवा मीच सुरुवात केली. "अक्का, रविवारी रात्री अकराला तुमच्याकडं काय ठोकत होतं ओ? ठक् ठक् ठक्. आमचे हे उठून बसले."

"ते व्हय? कॅलेंडरला खिळा मारलालाव."

"एका कॅलेंडरला पाऊण तास?"

अक्का पाइप सरळ करायला वळल्या. मी गप्प राहिले. बँकेत ३१ वर्षं काढलीत मी, त्यातली शेवटची ९ लॉकरच्या खोलीत. माणसाला बोलतं करायचं तर विचारायचं नाही, नुसतं थांबायचं. मी कढीपत्त्याची चार पानं खुडेपर्यंत अक्का भिंतीपाशी परत.

"कुणाला सांगू नका बरं ताई."

ह्या वाक्यानं सुरू झालेली गोष्ट आमच्या गल्लीत आजवर कुणाच्या पोटात राहिलेली नाही. मी मान डोलावली.

"धाकटा आलता न्हवं पुण्यासनं, त्यानं एक डबडं आणलंय. पेन ड्राइव्हएवढं. वर बारकी काच, दोन बटनं. हार्डवेअर वॉलेट म्हणतेत. त्यात म्हणं बिटकॉइन ठिवायचं."

बिटकॉइनबद्दल मला भाच्याच्या कृपेनं एवढंच माहीत होतं, की ते २००९ साली सुरू झालं, कुठलंच सरकार ते छापत नाही, आणि २ कोटी १० लाखांच्या वर त्याचा आकडा कधी जायचा नाही. एका लग्नाच्या पंगतीत त्यानं हे समजावलं होतं. माझा मठ्ठा संपला, पण ते चलन नेमकं असतं कुठं, हे काही उमगलं नाही. म्हणून अक्कांना तेच विचारलं. "म्हणजे डबडं चोरीला गेलं की सगळं गेलं?"

"तीच तर गंमत हाय. त्या डबड्यात काय बी नसतंय!"

गंमत सांगायला अक्कांनी पदर खोचला. हिशेबाची वही जगभरच्या हजारो कंप्युटरांवर एकसारखी लिहिलेली असते. कुणीही उघडून बघावी. त्यात नाव नसतं, लांबलचक नंबर असतो. त्या नंबरावरची रक्कम हलवायला सही लागते, आणि सही ज्या गुपितातून उमटते ते गुपित तेवढं डबड्यात. सही आतल्या आत होते, बाहेर पडते ती नुसती सही. कंप्युटरला व्हायरस लागलेला असला तरी त्याला गुपित दिसत नाही.

"म्हणजे सातबाऱ्यासारखं," मी म्हणाले. "उतारा कुणीही बघावा, पण खरेदीखतावर अंगठा मालकाचाच."

"हां. आन् ह्यो अंगठा डब्यात कोंडलेला."

"मग अंगठाच हरवला तर?"

"तेच्यासाठी २४ शब्द हायत की!" आणि इथं अक्का जे बोलल्या ते मी भाच्याला फोन करून ऐकवलं. तो म्हणाला, एवढ्या वर्षांत असं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

अक्कांचं माहेर-सासर दोन्ही पूर्व भागातलं. सासऱ्यांचे चादरीचे माग होते. सोलापुरी चादरीवर मोर येतो, फुलं येतात, ती मागावर बसवलेल्या जॅकार्डमुळं. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते दोऱ्यानं एकाखाली एक ओवलेले असतात, शिडीसारखे. भोक असेल तिथला ताण्याचा दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एकेक पत्ता सरकतो, एकेक ओळ विणली जाते.

"मामांच्या कारखान्याला एकदा आग लागलती. माग जळून काळे. पर पत्त्यांची चळत घरी माळ्यावर. महिन्यात दुसऱ्याच्या मागावर तोच मोर उठला, ताई, चोचीसकट. डिझाइन मागात नसतंय, पत्त्यात असतंय. तसं हे २४ शब्द. डबडं फुटलं, हरवलं, पाण्यात पडलं, नवं घ्यायचं, शब्द घालायचं, सगळं परत."

"आणि पत्ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागले तर?"

"तर तीच चादर तो बी विणतोय, आन् आपल्याला पत्ता न्हाई."

त्या विनोदावर आम्ही दोघी मनसोक्त हसलो. मग अक्कांनी शेंगाचटणीची वाटी भिंतीवरून दिली, म्हणजे आता गोष्ट लांबणार.

हे शब्द साधे इंग्रजी असतात. २०१३ साली ह्या पद्धतीची यादी ठरली. तिच्यात २०४८ शब्द, आणि असे निवडलेले की कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. त्यातले १२ किंवा २४ यंत्र स्वतःच निवडतं. शेवटच्या शब्दात आधीच्या सगळ्यांची ताळमेळाची खूण असते, त्यामुळं शब्द मागंपुढं झाले तर यंत्र बहुतेक वेळा ओळखतं. आम्ही बँकेत बेरजेखाली बेरीज तपासायचो, तसलाच प्रकार. बहुतेक कंपन्या हीच यादी वापरतात, म्हणून एका कंपनीचे शब्द साधारणपणे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रातही चालतात. आम्ही बँकेत बेरजेखाली बेरीज तपासायचो, तसलाच प्रकार.

"पर ते डबडं घ्यायलाच धाकट्यानं महिना घातला," अक्का म्हणाल्या. "मी म्हणलं, नव्या पेठेत बग, न्हाई तर कुणाचं वापरलेलं स्वस्तात घे. तर अंगावर आला माझ्या."

पोराचं बरोबर होतं. असलं यंत्र थेट कंपनीकडून किंवा तिनं नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यायचं. मधल्या कुणी उघडून आत काही घातलं असेल तर वरचं सील बघून कळत नाही. सील तर आमच्या गल्लीतला पोरगाही इस्त्री फिरवून परत चिकटवतो. यंत्र जोडल्यावर कंपनीचं ॲप ते खरं आहे का हे तपासतं, ती तपासणी करायची. ॲप घ्यायचं तर गुगलवर शोधून वरच्या जाहिरातीवर बोट दाबायचं नाही. खोक्यातल्या कागदावरचा पत्ता एकेक अक्षर बघून टाइप करायचा. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे खोक्यात शब्दांचा कागद कोरा पाहिजे. कुणी २४ शब्द आधीच छापून, 'हे घ्या तुमचे शब्द' म्हणून पाठवले असतील तर ते चोराचे. तुम्ही पैसे टाकायचा अवकाश, तो उचलतो. लॉकरबरोबर शिपायानं किल्लीची छापही काढून ठेवावी, तसं.

"आन् पार्सल घरी न्हाई मागवलं, हापिसात मागवलं," अक्का हळू आवाजात म्हणाल्या. "का, तर फ्रान्सच्या कंपनीचं कायतरी झालतं."

हे मी नंतर भाच्याकडून नीट विचारून घेतलं. फ्रान्सची लेजर ही ह्या धंद्यातली मोठी कंपनी. २०२० साली तिच्या ग्राहकांची यादी फुटली, आणि त्या डिसेंबरात सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर उघडे पडले. यंत्रातलं कुणाचं काही गेलं नाही, पण कुणाकडं माल आहे त्याची यादीच चोरांना घरपोच मिळाली. पुढच्या वर्षी काही जणांच्या दारात न मागवता नवी यंत्रं आली, छान पाकीटबंद, सोबत पत्र. तुमचं जुनं धोक्यात आहे, हे वापरा, जुने शब्द ह्यात भरा. भरले की गेले. आपल्याकडंही आता 'पोलीस बोलतोय', 'कस्टममधून बोलतोय' असे फोन येतातच की म्हाताऱ्यांना. त्यात हा एक वाढवायचा. शब्द मागणारा कंपनीचा असो, बँकेचा असो, सख्खा भाचा असो, तो चोर. खऱ्या कंपनीला ते शब्द कधीच लागत नाहीत.

"बरं, मग रविवारी रात्री?"

"सांगते की." अक्कांनी इकडंतिकडं पाहिलं. समोरच्या काकूंची मोटर सुरू होती, म्हणजे त्यांना काही ऐकू जात नव्हतं. "दहा वाजता धाकट्यानं खिडक्या लावल्या. पडदे वढले. माझा मोबाइल, त्याचा मोबाइल, सुनंचा मोबाइल, तिन्ही सैपाकघरात पिठाच्या डब्याजवळ. मी म्हणलं, करणी करालाय का काय!"

आधी यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर नवं करून घेतलं. मग पिन. जन्मतारीख नाही, गाडीचा नंबर नाही, १२३४ तर नाहीच. मग त्या बारक्या काचेवर एकेक शब्द उमटायला लागला. कंप्युटरच्या पडद्यावर नाही, फोनवर नाही, फक्त त्या काचेवर. कंप्युटरच्या पडद्यावर शब्द दिसले, किंवा कंप्युटरनं शब्द टाइप करायला सांगितले, तर तिथंच थांबायचं.

"धाकट्याचं अक्षर म्हंजे मुंग्या चाललेल्या. म्हणून सुनंनं लिहिलं, बॉलपेननं, मोठ्या अक्षरात, आकडे घालून. मी म्हणलं, एवढं कशाला, फोटो काढ की एक."

"मग?"

"मग परत अंगावर आला!"

फोटो नुसता फोनमध्ये राहत नाही, बहुतेक वेळा आपोआप गुगलकडं नाही तर ॲपलकडं चढतो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचं, ईमेलात ठेवायचं, झेरॉक्स काढायची, प्रिंटरवर छापायचं, हे सगळं त्याच माळेतलं. ज्या गुपिताला इंटरनेटचं वारं लागू नये म्हणून यंत्र घेतलं, तेच फोटोतून इंटरनेटवर टाकायचं, म्हणजे दाराला तीन कुलपं आणि खिडकी उघडी.

"पर कागदाचं काय खरं न्हाई ताई. झुरळं हायत, वाळवी हाय, आमच्याकडं गळतंय बी. म्हणून मीच म्हणलं, स्टीलवर नाव घालून घेऊ. ताटल्यांवर नावं घालून देतेत न्हवं भांड्याच्या दुकानात, बारक्या मशीननं टिर्र करून? एका झाकणावर २४ शब्द, पन्नास रुपयात काम."

मी हसले. बुद्धी मात्र अस्सल सोलापुरी. स्टील आगीत टिकतं, पाण्यात टिकतं, वाळवीचा बाप आला तरी टिकतं. परदेशात ह्याच कामासाठी धातूच्या पट्ट्या विकायला असतात. अडचण एकच, भांडेवाला वाचणार.

"तेच म्हणाला धाकटा. मग कुठनं की लोखंडी अक्षरांचे पंच आणले, ए टू झेड, डबी भरून. स्टीलची पट्टी, खाली पाटा, वर हातोडी. आन् शब्द सगळा न्हाई मारायचा, पहिली चार अक्षरं मारली की झालं."

हिशेब मी मनात केला. २४ शब्द, चार अक्षरं, फार तर ९६ ठोके. आमचे हे रविवारी रात्री उठून बसले ते ह्या ९६ ठोक्यांनी.

"एवढ्यावर झोपला असंल म्हणता? न्हाई. डबड्यात आधी ५०० रुपयाचंच घातलं. यायची वाट बघितली. आलं. आन् मग ताई, त्यानं मुद्दाम तीनदा चुकीचा पिन घातला!"

"मुद्दाम?"

"मुद्दाम! डबडं एकदम पुसलं. कोरं. माझ्या तर छातीत धस्स झालं. पाचशे तर पाचशे, घामाचेच की ओ."

ही असल्या यंत्रांची रीतच आहे. लेजरचं यंत्र तीन चुकांवर स्वतःला पुसतं, चेक देशातल्या प्रागचं ट्रेझर सोळा चुकांपर्यंत कळ काढतं. चोराच्या हाती लागलं तरी त्याला पिन शोधत बसता येऊ नये म्हणून. पण पोरानं ते हातानं केलं ह्याचं मला फार कौतुक वाटलं. पुसल्याशिवाय कळणार कसं, की शब्द बरोबर लिहिलेत?

"मग पट्टीवरनं एकेक शब्द परत घालायला बसला. अकरापर्यंत बरोबर. बारावा डबडं घेईचना. चार अक्षरं दाबली की असा शब्दच यादीत न्हाई. धाकटा घामाघूम. सून म्हणाली, पट्टी उलटी धरून बघा. तर काय, एमचा पंच उलटा पडलेला! एमच्या जागी डब्ल्यू."

"कुठला शब्द होता?"

अक्का क्षणभर थांबल्या. "ते न्हाई सांगणार."

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी अक्कांबद्दल आदर वाटला. ज्या बाईनं मला आपल्या नणंदेच्या साखरपुड्यातल्या भांडणाचा शब्दन् शब्द सांगितला, तिनं एक इंग्रजी शब्द दाताखाली धरला.

सुनेचा कागद बरोबर होता. त्याच्यावरून बारावा शब्द घातला, बाकीचेही घातले, आणि काचेवर तेच ५०० रुपयांचं बिटकॉइन परत हजर. त्याच नंबरावर, जसंच्या तसं. उलटा एम खोडून सरळ मारला, आणि आणखी एक पट्टी मारली. म्हणजे ९६ वर आणखी ९६. मग कुठं बाकीची रक्कम, तीही एकदम नाही, दोन खेपांत. आधी सगळं टाकून मग तपासायला बसला असता आणि सुनेनं कागद टाकून दिला असता, तर त्या उलट्या एमनं केवढ्याला पाडलं असतं ते सांगायला नको.

रक्कम पाठवतानाही एक पथ्य. ज्या नंबरावर पाठवायची तो कॉपी-पेस्ट करतात. कंप्युटरात असे व्हायरस असतात की तुम्ही एक नंबर कॉपी करता आणि पेस्ट होतो तो चोराचा. म्हणून यंत्राच्या काचेवर दिसणारा नंबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवायचा, मगच बटन. आणि काचेवर काय लिहिलंय ते कळत नसेल तर सही करायची नाही. आमचे मॅनेजर म्हणायचे, कोऱ्या चेकवर सही आणि उघड्या विहिरीवर खेळ सारखेच. आपल्याकडचं वझीरएक्स हे असलं चलन घेण्या-विकण्याचं एक्स्चेंज बघा. १८ जुलै २०२४ ला त्यांच्या तिजोरीतून जवळपास २ हजार कोटी रुपयांचं चलन गेलं. त्या तिजोरीला एकाहून अधिक जणांच्या सह्या लागायच्या, सह्या करणाऱ्यांकडं अशीच यंत्रं होती. पडद्यावर एक दिसत होतं आणि सही भलत्यावर झाली, असं कंपनीचंच म्हणणं. ग्राहकांचे पैसे त्यानंतर कितीतरी महिने अडकून पडले. यंत्र चोख असलं तरी सही करणाऱ्याचे डोळे उघडे पाहिजेत.

"ताई, तुमच्या लॉकरपेक्षा चांगलंच म्हणायचं की हे?" अक्कांनी मला डिवचलं.

आता माझी पाळी होती. "अक्का, लॉकरला दोन किल्ल्या. एक बँकेची, एक तुमची. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. तुमची हरवली तर अर्ज करा, पैसे भरा, चार जणांसमोर आम्ही कुलूप फोडून देतो. १ जानेवारी २०२२ पासून तर रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, बँकेत चोरी झाली, आग लागली, कर्मचाऱ्यानं घोळ केला, तर वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई. ह्या डबड्याचे शब्द गेले तर अर्ज कुणाला करणार? इंग्लंडजवळ वेल्समध्ये एक जण आहे, त्याची जुनी हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८ हजार बिटकॉइनची किल्ली. बिचारा वर्षानुवर्षं नगरपालिकेला विनवत राहिला, मला उकिरडा उकरू द्या."

अक्कांनी डोक्याला हात लावला. "आगं बया."

"आणि किल्ली ज्याच्या हातात, माल त्याचा. मग तो कुणी का असेना. पुण्याचं ऐकलं नाही का?"

पुण्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं, म्हणजे एक बातमी माझ्याकडून गेली. गेनबिटकॉइन नावाची योजना होती. बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के घ्या. महिना दहा टक्के ऐकलं की माणसानं चप्पल घालून उठावं, पण लोक बसले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिचा म्होरक्या अमित भारद्वाज ह्याला धरलं. आरोपींची वॉलेटं उघडायची म्हणजे जाणकार हवेत, म्हणून पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञ मदतीला घेतले, त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. आणि मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोप असा की तपासात हाती आलेल्या वॉलेटांतलं चलन त्यांनी स्वतःकडं वळतं केलं. आरोप खरा-खोटा कोर्ट ठरवेल. पण चोरीचा माल पकडायला बसवलेल्यांवरच ही वेळ आली, कारण सोनं जप्त केलं की ते पोलीस ठाण्याच्या कपाटात कुलूपबंद राहतं, आणि इथं किल्ली एकदा नजरेखालून गेली की कपाट कुठलंच उरत नाही.

"म्हंजे घरच्यांला बी सांगू नये?" अक्कांचा चेहरा उतरला.

"उलट. कुणालाच न सांगता माणूस गेला तर?"

मग मी त्यांना जयपूरचं सांगितलं. कॅनडातल्या क्वाड्रिगा नावाच्या एक्स्चेंजचा मालक डिसेंबर २०१८ मध्ये बायकोबरोबर भारतात आला आणि जयपूरच्या रुग्णालयात वारला. वय अवघं तीस. मागून जाहीर झालं की सगळ्या ग्राहकांच्या पैशांच्या किल्ल्या ह्या एकट्याच्या डोक्यात होत्या. ७० हजारांच्या वर लोक हवालदिल.

"अगाई! मग मिळाल्या का किल्ल्या?"

"मिळाल्या तरी काय उपयोग? चौकशीत निघालं, तिजोऱ्या आधीच रिकाम्या. पठ्ठ्यानं ग्राहकांचेच पैसे उडवले होते."

अक्कांनी एवढा सुस्कारा सोडला की कढीपत्ता हलला. मेलेल्याबद्दल वाईट वाटावं की राग यावा, हे आम्हा दोघींनाही ठरवता आलं नाही.

पण धाकट्यानं ह्याचाही विचार केलेला. अशा यंत्रात २४ शब्दांवर आपल्या मनाचा आणखी एक शब्द लावता येतो, पासफ्रेज म्हणतात. तो लावला की पट्टी सापडूनही चोराच्या हाती काही लागत नाही. माझ्या दोन किल्ल्यांसारखंच. पण तो शब्द विसरला तर मालकालाही काही लागत नाही. पोरानं तो लावलाच नाही. म्हणाला, मी गेल्यावर हिला आणि अक्काला झेपेल एवढंच करायचं. एक कागद पाकिटात घालून ठेवलाय, त्यात शब्द नाहीत. यंत्र कुठलं, पट्ट्या कुठं, उघडताना कुणाला विचारायचं आणि कुणाला नाही, एवढंच. पट्ट्या दोन गावांत दोन. एका घराला आग लागली तर दुसरी शिल्लक.

"आन् टॅक्स?" मी विचारलं. बँकेची सवय, जात नाही.

"भरतोय की. म्हणला, डबड्यात घातलं म्हणून सरकारला दिसत न्हाई असं न्हवं. ती वही उघडीच असती न्हवं." पोराला सगळं तोंडपाठ. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि त्याच जुलैपासून विकताना १ टक्का टीडीएस. म्हणून कधी घेतलं, कितीला घेतलं, कधी डबड्यात हलवलं, ह्याची वही त्यानं घातलीय. आजोबांची मागाच्या हिशेबाची वही असायची तशी, म्हणाल्या अक्का.

"तुम्ही घेता का ताई एखादं?"

"माझं काय आहे त्यात ठेवायला? चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला कशाला?" खरंच आहे. दोन-पाच हजारांची हौस असेल तर यंत्राचा खर्चच अंगावर यायचा. पण गेल्यावर झोप उडेल एवढी रक्कम असेल, तर ती दुसऱ्याच्या ॲपमध्ये ठेवून निर्धास्त घोरणं बरं नव्हे.

टाकी भरून वाहायला लागली. अक्का मोटर बंद करायला पळाल्या. परत आल्या तेव्हा मी सहज, अगदी सहज विचारलं, "मग दुसरी पट्टी इथंच ठेवलीय का? कपाटात?"

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मग पाइपाकडं. मग कढीपत्त्याकडं.

"कसली पट्टी ताई? खिळा मारला की. कॅलेंडरला."

आणि चटणीची रिकामी वाटी घेऊन आत गेल्या. मी भिंतीशी एकटीच. आधी जरा लागलं मनाला. मग लॉकरची खोली आठवली. गिऱ्हाईक लॉकर उघडायला लागलं की आम्ही आमची किल्ली फिरवून बाहेर यायचो आणि दाराकडं पाठ करून उभं राहायचो. ९ वर्षांत कुणाच्या पेटीत काय आहे ते मी बघितलं नाही, आणि त्याचाच मला पगार होता. अक्कांनी मला आज परत तिथंच उभं केलं होतं. उलट पोराला कळलं की अक्कांनी भिंतीवरून एवढंही सांगितलं, तर तो तिसऱ्यांदा अंगावर येईल, आणि त्याचं बरोबरच असेल. असलं काही घरात आहे ही बातमी म्हणजेच निम्मी चोरी.

संध्याकाळी भाजीच्या गाड्यावर समोरच्या काकू भेटल्या. "काय ओ, रविवारी रात्री अक्काकडं काय ठोकालते? आमचा नातू रडून उठला."

जिभेच्या टोकावर आलं होतं. देवाशपथ, अगदी टोकावर. मेथीची जुडी उचलली, मुळं बघितली, खाली ठेवली.

"कॅलेंडरचा खिळा," मी म्हणाले.

"एवढा वेळ?"

"भिंत कच्ची आहे त्यांची."

आता तुम्ही म्हणाल, काकूंना नाही सांगितलं आणि आम्हाला बरं सांगितलंत. तर मी तुम्हाला घर कुठं सांगितलंय? जुळे सोलापुरात पहाटे पाण्याच्या वेळी भिंतीपाशी उभं राहून "अक्का!" अशी हाक मारून बघा. निम्म्या गल्ल्यांतून "ओ" येईल.